हमीपत्रावर सही मागण्याआधी सिनेमा बघा : पालक-शिक्षक संघास खुले पत्र

प्रति,
पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
आणि ज्या ज्या शाळांच्या ग्रुपवर हेच हमीपत्र फिरतंय तिथले पालक,
सांगली-मिरज-कुपवाड

सप्रेम नमस्कार.

आठवी ते बारावीच्या मुलांकडून भरून घ्यायच्या हमीपत्राचा मसुदा आपण ग्रुपवर टाकलात. ‘सुपरबॅड’ व तत्सम अश्लील परदेशी चित्रपट मी पाहणार नाही, इतरांस दाखवणार नाही, तसे आढळल्यास शाळा करील ती कारवाई मान्य राहील. खाली मुलाची सही, शेजारी पालकाची. पुढच्या बैठकीत तो मंजुरीला येतोय. माझी मुलगी नववीत आहे आणि मुलगा अकरावीत. दोघांचीही सही या कागदावर व्हायला माझा विरोध आहे. त्याची कारणं बैठकीत उभं राहून दोन मिनिटांत सांगता येण्यासारखी नाहीत, आणि हाच मसुदा आता विश्रामबाग आणि मिरजेकडच्या इतर शाळांच्या ग्रुपवरही पोचलाय, म्हणून हे उघड पत्र.

ज्यांनी हा विषय काढला त्यांची काळजी खरी आहे, हे आधी सांगते. नववीतली काही मुलं या सिनेमातल्या गोष्टी मुलींकडे बघून बोलत होती, हसत होती. मुलींना त्याचा त्रास झाला आणि एकीनं घरी सांगितलं. ती बोलली हे फार चांगलं झालं. त्या मुलांना जाब विचारलाच पाहिजे. पण उपाय म्हणून जो कागद निघाला त्यात त्या मुलीला काय ऐकावं लागलं याबद्दल एक अक्षर नाही. सगळा राग सिनेमावर निघालाय, आणि तोही सिनेमा न बघता. किती जणांनी तो बघितलाय असं मी ग्रुपवर विचारलं, तेव्हा ‘असलं बघायची गरजच काय’ एवढंच उत्तर आलं.

गरज आहे. मी तो बघितलाय, दुकान बंद करून घरी आल्यावर, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधला एकही प्रसंग पुढे न ढकलता. त्यात काय आहे ते आता आडपडदा न ठेवता सांगते.

सिनेमा अमेरिकेतला, २००७ सालचा. दिग्दर्शक ग्रेग मोटोला. सेथ आणि इव्हान हे लहानपणापासूनचे जिवलग मित्र, शाळेचे शेवटचे दिवस. इव्हानला डार्टमथच्या नामांकित कॉलेजात प्रवेश मिळालाय, सेथला नाही, म्हणजे ताटातूट ठरलेली. वर्गातल्या ज्यूल्स नावाच्या मुलीच्या घरी पार्टी आहे आणि तिथे दारू आणून द्यायचं सेथनं कबूल केलंय, कारण ती मुलगी त्याला आवडते. तिकडे दारू विकत घ्यायला २१ वर्षं पूर्ण लागतात. मग तिसरा मित्र फोगेल खोटं ओळखपत्र करून आणतो. त्यावर वय २५, पत्ता हवाईचा आणि नाव फक्त एकच शब्द. पुढे एका रात्रीत तिघांची जी फजिती होते तो सगळा सिनेमा. (आपल्या राज्यात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वयाची अट आहे. हे पालकांपैकीही अनेकांना ठाऊक नसतं.)

शिव्या अखंड आहेत. मुलींच्या शरीराबद्दल सेथ जे बोलतो ते मी इथे लिहू शकत नाही. मुलं दारू पितात. दोन पोलीस ड्यूटीवर असताना पितात, गाडी चालवतात, शेवटी स्वतःचीच गाडी पेटवून देतात, आणि सिनेमा त्यांच्यावर प्रेम करायला लावतो. पुरुषानं पुरुषावर प्रेम करण्याची चेष्टा जागोजाग आहे. यातलं काहीही मी झाकणार नाही. अमेरिकेत या सिनेमाला ‘आर’ प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे १७ वर्षांखालच्या मुलानं पालकाबरोबरच आत जायचं. ब्रिटनमध्ये ‘१५’ मिळालं, म्हणजे पंधरा वर्षांचा मुलगा एकटा जाऊ शकतो, पण चौदाव्या वर्षी आईनं हात धरून नेला तरी प्रवेश नाही. सिनेमा एकच, पण एका देशानं पालकावर विश्वास टाकला आणि दुसऱ्यानं वयाची रेघ मारली.

आपल्याकडे काय आहे? १९५२ च्या चित्रपट कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि जुन्या ‘यूए’ या एका गटाचे तीन झाले: ७+, १३+ आणि १६+. हे आकडे पालकांना विचार करता यावा म्हणून दिलेले आहेत. आपल्या मुलानं बघावं की नाही हे ठरवायचं पालकानं. फक्त ‘ए’ असेल तर १८ खाली प्रवेशच नाही. ओटीटीला २०२१ च्या नियमांनी हेच वयोगट लावलेत. १३+ पासून वरच्या कार्यक्रमांना पालकांसाठी कुलूप द्यायचं आणि सुरुवातीला पडद्यावर त्यात काय आहे ते थोडक्यात लिहायचं, हेही त्यात आलं. म्हणजे कायद्यानंसुद्धा तेराचं मूल आणि सोळाचं मूल वेगळं धरलंय. आपल्या हमीपत्रानं मात्र आठवीतला साडेतेरा वर्षांचा मुलगा आणि बारावीतली, पुढच्या वर्षी मतदान करणारी मुलगी एकाच ओळीत उभी केली.

माझा मुख्य मुद्दा याच्या पुढचा आहे. प्रमाणपत्र काय मोजतं? शिव्या, दारू, उघडं अंग. अमेरिकेत तर तेरावरच्यांच्या गटात ‘एफ’पासून सुरू होणारी ती एक ठरावीक शिवी साधारणपणे एकदाच चालते, त्याहून जास्त वेळा आली की बहुधा ‘आर’. या मोजमापाचं काय होतं बघा. २०१८ मध्ये ‘एट्थ ग्रेड’ नावाचा सिनेमा आला. आठवीतली एक घाबरीघुबरी मुलगी, फोन, एकटेपणा, अशी गोष्ट. त्यालाही ‘आर’ मिळालं, म्हणजे ज्या वयाच्या मुलीबद्दल तो होता तिलाच तो एकटीनं बघता येईना. तेव्हा सिनेमाच्या कंपनीनं अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात एका संध्याकाळी त्याचे फुकट खेळ लावले आणि वय विचारलं नाही. शिव्या मोजून सिनेमा कळत नाही हे तिथल्या लोकांनाही असं कळून चुकलं.

मग कशावरून ठरवायचं? हसू कुणावर आहे यावरून. विनोदी सिनेमाला मी एवढं एकच विचारते. कुणाला हसतायत, आणि ज्याला हसले त्याचं पुढे काय होतं.

सांगलीला हे कुणी बाहेरच्यानं शिकवायला नको. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथे ‘सीता स्वयंवर’ उभं केलं, म्हणून आपण नाट्यपंढरी म्हणवतो. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ मध्ये ‘शारदा’ रंगमंचावर आणलं. कोवळ्या मुलीला पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेला बाप, मध्यस्थी करणारा लबाड आणि बाशिंग बांधायला उतावीळ झालेला भुजंगनाथ. विषय केवढा जळजळीत, आणि नाटकात हशा किती! पण तो सगळा हशा भुजंगनाथावर आहे. शारदेवर प्रेक्षक एकदाही हसत नाही. म्हणून ते नाटक आई, मुलगी, आजी असं शेजारी बसून बघता आलं. तमाशाचंही तेच. पठ्ठे बापूराव आपल्याच वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. गण, गवळण, बतावणी, वग. त्यात द्व्यर्थी बोलणं ठासून भरलेलं. तरी चांगला सोंगाड्या पाटलाची, सावकाराची, राजाची खिल्ली उडवतो, आणि कनातीतल्या गरीब माणसाला त्याचं बळ मिळतं. चावटपणा अमेरिकेतून आला असं म्हणणाऱ्यांनी आपल्याच जत्रा आठवून बघाव्यात. कुठला चावटपणा कुणाला लावायचा हे ओळखायची नजर आपल्याकडे होती. ती आता हमीपत्र लिहायला लागली याचं मला वाईट वाटतं.

या नजरेनं ‘सुपरबॅड’ बघितला तेव्हा त्यातल्या दोन प्रसंगांनी मला झोपू दिलं नाही. एकानं चिडून, दुसऱ्यानं विचार करायला लावून.

पहिला प्रसंग. दारू मिळवायच्या नादात सेथ मोठ्या माणसांच्या एका पार्टीत घुसतो. तिथे एक बाई त्याच्याशी अगदी जवळ येऊन नाचते. नंतर त्याच्या पँटला तिच्या पाळीचं रक्त लागलेलं दिसतं. आजूबाजूचे पुरुष ते बघून खदाखदा हसतात, सेथला ओकारी येते, आणि त्यातून पुढे मारामारी होते. ती बाई? तिला त्या प्रसंगात काहीच म्हणायचं नाही. ती फक्त किळस वाटायला आहे.

माझं गावभागात मेडिकल आहे. काउंटरच्या खालच्या कप्प्यात जुन्या वर्तमानपत्रांची चळत असते आणि काळ्या कॅरीबॅगांचा गठ्ठा. ते कशासाठी ठेवलंय हे दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत आहे. गणवेशातली मुलगी येते, दप्तर पाठीवरून पुढे घेऊन पोटाशी धरलेलं. दुकानात कुणी पुरुष असला तर ती खोकल्याच्या गोळ्यांच्या बरणीकडे बघत उभी राहते. तो गेला की नजरेनंच मागच्या फडताळाकडे खूण करते. मी पाकीट काढते, कागदात गुंडाळते, काळ्या पिशवीत घालते. पावसाळ्यात एकदा अशीच एक मुलगी उभी होती आणि तिच्याच शाळेची दोन मुलं ओआरएसची पाकिटं घ्यायला आली. माझ्या हातात गुंडाळलेला कागद बघून एकानं दुसऱ्याला कोपर मारलं आणि दोघं हसली. मुलीनं सुटे पैसे परत घेतलेच नाहीत. पिशवी उचलली आणि भिजत निघून गेली.

त्या मुलांनी हा सिनेमा बघितला होता का, मला माहीत नाही. बहुधा नसेलच. ते हसू त्यांच्याकडे आधीपासून होतं. सिनेमातल्या त्या पार्टीतही तेच हसू आहे, फक्त तिथे ते मोठ्या पडद्यावर, मोठ्या माणसांच्या तोंडून, मान्यता मिळाल्यासारखं येतं. आमच्या नववीच्या वर्गात मुलींना जे ऐकावं लागलं ते नेमकं याच प्रसंगावरचं होतं, हे मला मुलीकडून नंतर कळलं. हमीपत्रात ‘अश्लील’ हा शब्द आहे. यात अश्लील काही नाही, एक डाग आहे फक्त. शिव्या आणि उघडं अंग मोजणारा हा प्रसंग बिनदिक्कत पास करील. मी करणार नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला, जिला स्वतःच्या शरीराची आधीच धास्ती वाटते, हा प्रसंग एकटीनं फोनवर बघू देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच वयाच्या मुलालाही.

दुसरा प्रसंग शेवटाकडचा. सिनेमाच्या सुरुवातीला सेथ इव्हानला आपला बेत सांगतो. मुली दारू प्यायल्या की भलत्याबरोबर जातात आणि दुसऱ्या दिवशी पस्तावतात, मग तो भलता आपणच का होऊ नये? ऐकून अंगावर काटा येतो. पण पार्टीत प्रत्यक्ष काय घडतं? इव्हानला आवडणारी बेका खूप प्यायलेली असते. तीच त्याला वरच्या खोलीत नेते, तीच पुढाकार घेते. इव्हानच्या मनात ती बऱ्याच दिवसांपासून असते, आणि तरी तो मागे सरतो. ही शुद्धीत नाही, हे असं होता कामा नये, असं त्याचं म्हणणं. तिकडे सेथ ज्यूल्सच्या जवळ जातो तेव्हा कळतं की ज्यूल्स दारूला शिवतच नाही, आणि हा प्यायलाय म्हणून ती त्याला ठामपणे नाही म्हणते. सेथचा सुरुवातीचा अख्खा बेत त्याच्या डोळ्यांदेखत मोडून पडतो. हसू आता सेथवर आहे, मुलींवर नाही.

हे दोन्ही प्रसंग मी माझ्या अकरावीतल्या मुलाबरोबर बसून बघितले. अवघडल्यासारखं झालं का? झालं, दोघांनाही. तो सोफ्याच्या त्या टोकाला, मी या टोकाला. रक्ताच्या प्रसंगाला तो हसला. मी सिनेमा थांबवून विचारलं, ‘यात हसण्यासारखं काय होतं रे?’ तो जरा वेळानं म्हणाला, ‘ते सगळे हसत होते म्हणून हसू आलं.’ इतकं प्रामाणिक उत्तर मी हमीपत्रावरच्या सहीतून मिळवू शकले नसते. मग बेकाचा प्रसंग आला, तेव्हा त्यानं आपणहून विचारलं, ‘पण आई, तीच तर हो म्हणत होती ना?’

या प्रश्नासाठी मी तो सिनेमा पुन्हा एकदा बघायला तयार आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या मनात हा प्रश्न असतोच, आणि तो विचारायला त्याला घरात जागा नसते. नशेत काय चाललंय हे जिला समजत नाही तिचा होकार हा होकार नसतो, आपल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही हेच आहे, आणि १८ खालच्या मुलीचा होकार २०१२ चा पॉक्सो कायदा मुळात धरतच नाही, हे मी त्याला सांगितलं. कायद्याच्या आधी माणूस म्हणून इव्हानला ते कसं कळलं यावर आम्ही बराच वेळ बोललो. माझा मुलगा माझ्याशी याआधी या विषयावर एक शब्द बोललेला नव्हता.

आणखी एक गोष्ट मला या सिनेमात मोलाची वाटली, ती बैठकीत कुणी काढणार नाही म्हणून इथे लिहिते. ही दोन मुलं सतत वाह्यात बोलतात ते एकमेकांपासून दूर जाण्याची भीती झाकायला. शेवटी रात्री शेजारी झोपलेले असताना ते एकमेकांना सरळ सांगतात की माझं तुझ्यावर फार प्रेम आहे, आणि त्याची त्यांना लाज वाटत नाही. आपली मुलं दहावी-बारावीनंतर पुण्याला, लातूरला, कोटाला जातात. सांगलीच्या स्टॅंडवर मित्राला सोडायला आलेली मुलं एकमेकांना शिव्या देतात, पाठीत गुद्दे घालतात आणि बस हलली की तोंड फिरवतात. त्यांना दुसरं काही बोलायला कुणी शिकवलेलंच नाही.

मुलीला मी ‘आत्ता नाही’ म्हटलं. ती चिडली. दादाला का आणि मला का नाही, हा तिचा प्रश्न रास्त होता. त्यात काय आहे ते मी तिला सांगितलं, रक्ताचा प्रसंगही सांगितला. ती गप्प झाली आणि मग म्हणाली, ‘म्हणजे वर्गातली मुलं हेच बोलत होती होय.’ तिला तो सिनेमा बघायची गरज उरली नाही असं मी म्हणत नाही. दोन वर्षांनी ती बघेल, तेव्हा मी शेजारी असेन. पण नकारामागचं कारण तिला कळलं, आणि ते तिच्या कामाचं होतं.

आता वर्गातल्या त्या मुलांबद्दल. त्यांनी अख्खा सिनेमा बघितलेला नाही. मी मुलाच्या मित्रांकडून खात्री करून घेतली. त्यांच्या फोनवर आहेत त्या अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या रील्स. भेळेच्या कागदावर अर्धी बातमी वाचावी तसं त्यांना सेथचा बेत माहीत आहे, तो बेत कसा फसतो ते माहीत नाही. डाग माहीत आहे, ज्यूल्सचा नकार माहीत नाही. सिनेमावर बंदी घातली की पूर्ण सिनेमा बंद होतो आणि रील्स चालू राहतात, कारण रीलवर बंदी घालणं कुणाच्याही हातात नाही. म्हणजे हमीपत्रामुळे मुलांपर्यंत फक्त विष पोचेल आणि उतारा शाळेच्या फाटकाबाहेर राहील.

‘आमच्या मुलांच्या मनात असलं काही नसतं’ असं एका पालकांनी लिहिलं. ज्या दोघांनी हा सिनेमा लिहिला, सेथ रोगन आणि इव्हान गोल्डबर्ग, त्यांनी तो लिहायला घेतला तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. पात्रांना त्यांनी स्वतःचीच नावं दिली. तेराव्या वर्षी डोक्यात काय असतं याचा याहून खरा पुरावा कुठला? देश वेगळा आहे, पण वय तेच आहे. आणि ज्या २००७ मध्ये हा सिनेमा तिकडे लागला, त्याच वर्षी लैंगिक शिक्षणावरून आपल्या विधिमंडळात गदारोळ झाला आणि राज्यातल्या शाळांमधलं ते शिक्षण थांबवलं गेलं. तेव्हा आम्ही पोरांना सांगायचं टाळलं. आज ती पोरं पालक झालीत आणि त्यांनाही आपल्या मुलांशी कसं बोलायचं ते माहीत नाही.

एक आक्षेप मात्र मला पटतो. सगळ्यांना सिनेमे आधी बघायला वेळ नसतो. एसटीवर रात्रपाळी करणाऱ्या वडिलांनी, दिवसभर कुपवाडच्या कारखान्यात उभं राहून आलेल्या आईनं दोन तास इंग्रजी सिनेमा बघावा असं मी म्हणू शकत नाही. म्हणून संघानं हे काम वाटून घ्यावं. मुलांमध्ये एखाद्या सिनेमाची चर्चा सुरू झाली की एक आई, एक वडील आणि एक शिक्षक यांनी तो पूर्ण बघावा, बारावीतली एखादी समंजस मुलगी किंवा मुलगा सोबत घ्यावा, आणि मराठीत एक पान लिहावं. त्यात गोष्ट काय, अवघड प्रसंग कुठले आणि साधारण कधी येतात, हसू कुणावर आहे, कुठल्या वयाला चालेल असं त्या चौघांना वाटतं, आणि मुलाबरोबर बघितला तर काय विचारता येईल, एवढं असावं. चौघांचं एकमत झालं नाही तर तेही तसंच लिहावं. ते पान ग्रुपवर टाकावं आणि निर्णय घरावर सोडावा. एखाद्या घरानं बारावीच्या मुलालाही नाही म्हटलं तर तो त्यांचा अधिकार आहे, मी त्यांच्याशी वाद घालणार नाही.

‘सुपरबॅड’चं पान मी लिहून ठेवलंय. माझं मत त्यात असं आहे: आठवी-नववीला नाही, दहावीला मुलाचा स्वभाव बघून, पण एकट्यानं नाही, अकरावी-बारावीला हो, घरातलं कुणी मोठं शेजारी असेल तर उत्तमच. रक्ताचा प्रसंग आणि पोलिसांचं दारू पिऊन गाडी चालवणं या दोन्ही गोष्टी सिनेमा चुकीच्या बाजूला उभा राहून दाखवतो, हे मी ठळक लिहिलंय. कुणी तो बघून माझं म्हणणं खोडून काढलं तर मला हवंच आहे, कारण मग निदान दोघांनी तो बघितलेला असेल.

बैठकीकडून माझी मागणी अशी. हमीपत्र मागे घ्या. मुलांचे फोन तपासायची जी सूचना तोंडी आली ती तर लेखी येऊच देऊ नका; मुलींच्या फोनमध्ये कोण काय बघणार आहे याचा कुणी विचार केलेला दिसत नाही. नववीच्या त्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना बोलावून, त्यांनी काय केलं ते नाव घेऊन सांगा. सिनेमा बघितला म्हणून त्यांना बोलावू नका, वर्गातल्या मुलींना पाळीवरून हसले म्हणून बोलवा, आणि ते सांगायला वर्गशिक्षिकेबरोबर एखादे पुरुष शिक्षकही असू देत. मुलांना हे बाईच सांगतात, म्हणून त्यांना ते बायकांपुरतं वाटतं.

आणि विषयपत्रिकेवर आणखी एक विषय घ्या. मुलींच्या स्वच्छतागृहातलं पॅडचं मशीन गेल्या वर्षीपासून बंद आहे आणि तिथल्या कचऱ्याच्या डब्याला झाकण नाही. अडचण आली की मुली शिपाईमामांना काही न सांगता अर्ध्या दिवसात घरी निघून जातात, त्यातल्या काही वाटेत माझ्या दुकानात येतात. मशीन दुरुस्त होईपर्यंत लागतील तेवढी पाकिटं मी खरेदीच्या दरात देते, ती वर्गशिक्षिकेच्या टेबलावर उघडी ठेवा, कागदात गुंडाळू नका. हमीपत्राच्या छपाईसाठी ठरवलेल्या रकमेत झाकणाचा डबा आणि मशीनच्या दुरुस्तीला माणूस, दोन्ही होईल.

आपली,
एक पालक (नववी व अकरावी)
गावभाग, सांगली